अण्णांची ओरिजनल

अण्णांना स्टेजवर पहिल्यांदा बघणारा माणूस आधी त्यांच्या पायाकडे बघायचा. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय अनवाणी, आणि त्या अनवाणी पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली तांब्याची तार. ती तार स्टेजच्या फळ्यांच्या फटीतून खाली जायची आणि जमिनीत ठोकलेल्या हातभर खिळ्याला बांधलेली असायची. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी अण्णा तांब्याभर पाणी घेऊन वाकून स्टेजखाली शिरायचे आणि खिळ्याच्या बुडाशी ओतायचे. नवख्या लोकांना वाटायचं, काहीतरी नवस असणार. येळ्ळूरच्या यात्रेत एका म्हातारीनं त्या खिळ्याला हळदकुंकू वाहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

खरं कारण अगदी साधं होतं. अण्णांची बेस गिटार जुनी होती आणि स्पीकरला जोडली की घुमायची. वाजवणाऱ्याच्या अंगाला अर्थिंग दिलं की घुमणं निम्म्यावर यायचं. हा शोध अण्णांनी स्वतः लावला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. शॉक बसायचा, नाही असं नाही. पण तो त्यांनी कधी मनावर घेतला नाही. "झटका बसला की ताल सुटत न्हाय," असं म्हणायचे.

अण्णा मूळचे विणकर. वडगावात घरामागच्या शेडमध्ये त्यांचे चार यंत्रमाग होते. दिवसभर साड्या विणायच्या आणि लग्नसराईत, यात्रेत, गणपतीत ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा, असा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. मी कंग्राळीचा, घरची शेती, पण कॉलेजात असताना गिटारचं वेड घेतलं आणि कोणीतरी अण्णांचं नाव सांगितलं. मी गेलो तर त्यांनी गिटारला हात लावू दिला नाही. महिनाभर मागावर बसवून तुटलेले धागे जोडायला लावले. विणकरी गाठ आली तेव्हा कुठे म्हणाले, "आता ये. तार तुटली तर काय करशील, ही माझी काळजी मिटली."

मला ती चेष्टा वाटली होती. पण अण्णांच्या गिटारची सगळ्यात जाड तार वरच्या खुंटीजवळ खरोखरच गाठ मारून जोडलेली होती. तार बदलणं त्यांना मान्य नव्हतं. ताणा, म्हणजे लुगड्यातला उभा धागा, तुटला म्हणून कोणी अख्खं लुगडं फेकून देतं का, हा त्यांचा सवाल असायचा.

पुढे मीही त्यांच्याबरोबर ऑर्केस्ट्रात जायला लागलो. बेसबद्दल त्यांची मतं ठाम होती. ऑर्केस्ट्रात गाणारी पुढे उभी राहते, बासरीवाल्याला शिट्ट्या मिळतात, आणि बेसवाला मागे ड्रमच्या शेजारी अंधारात उभा असतो. मला त्याचं वाईट वाटायचं. अण्णा म्हणायचे, "आपण ताणा हाय रं. लुगडं नेसणाऱ्या बाईला जरीचा काठ दिसतोय, पदर दिसतोय. ताणा दिसतोय काय? काढून बघ म्हणावं मग."

घुमण्याबद्दल तर त्यांचं स्वतंत्र शास्त्र होतं. घुमणं हा दोष नाही, तंबोरा आहे, आणि तो लाइटवाल्यांनी फुकट दिलाय, असं ते म्हणत. त्या घुमण्यावरच ते गिटार लावायचे, त्यामुळे आमचा अख्खा ऑर्केस्ट्रा जगापेक्षा किंचित चढा वाजायचा. त्यातही गावोगावचं घुमणं त्यांना वेगळं ऐकू यायचं. निपाणीचं जरा जाड, खानापूरचं पातळ. एकदा कोल्हापूरकडे कार्यक्रमाला गेलो होतो, तिथे गिटार जोडली आणि अण्णांनी डोळे मिटले. "ऐक. कागलचा नाका वलांडला की घुमणं गोड हुतंय. महाराष्ट्राची लाइट हाय ही." हे त्यांनी पुढे येळ्ळुरात चारचौघांत सांगितलं, तेव्हा सीमाभागातली, महाराष्ट्रात जायची आस धरून बसलेली मंडळी इतकी खूष झाली की अण्णांना स्टेजवर बोलावून हार घालण्यात आला. पण त्याच अण्णांनी पुढच्या मिनिटाला गाणं सुरू करताना माइकसमोर "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु" असे कानडीत ठोके मोजले आणि हार घालणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. कोणीतरी जाब विचारला. अण्णा शांतपणे म्हणाले, "गाणं मराठीत म्हणतोय की. मोजायला गोकाकच्या ड्रमवाल्यानं शिकीवलंय, त्येला मी काय करू?"

आणि त्यांची गिटार! ती त्यांची 'ओरिजनल' होती. जगभर नावाजलेल्या अमेरिकन कंपनीची, जुन्या काळातली. अण्णा एकवीस वर्षांचे असताना लष्करी कॅम्पातल्या एका गोवेकर वादकानं परदेशी जाताना त्यांना दिली होती, आणि तेव्हा ती वर्षाचीसुद्धा नव्हती. "आता अशी लाकडं न्हाईत, अशी तांब्याची वायर न्हाय, अशी माणसं न्हाईत," हे ते प्रत्येकाला सांगायचे. ऐकणारा मान डोलवायचा. मीही डोलवायचो, जोपर्यंत मला त्या गिटारचा इतिहास माहीत नव्हता.

इतिहास असा. संकेश्वरच्या वळणावर ती टेम्पोतून पडली आणि तिचं धड चिरलं, तेव्हा आमच्याच कंग्राळीच्या सुतारानं फणसाच्या लाकडाचं नवं धड करून दिलं. मान वाकली तेव्हा अण्णांनी ती मागाच्या तुळईला आवळून आठवडाभर ठेवली, सरळ झाली पण तडकली, मग मानही त्याच सुतारानं सागवानाची बसवली. आतली कॉइल जळाली ती निपाणीच्या एका मोटार रिवायंडिंगवाल्याकडे नेली. तो बिचारा विहिरीवरच्या मोटारी बांधणारा. त्यानं विचारलं, "किती हॉर्सपॉवरची करू?" अण्णांनी काय सांगितलं देव जाणे, पण त्यानंतर गिटारच्या आवाजात पाणी उपसायची ताकद आली, हे खरं. दोन बटणांपैकी एक जुन्या रेडिओचं होतं, दुसरं पंख्याच्या रेग्युलेटरचं, त्यावर पाचपर्यंत आकडेसुद्धा होते. गाणं जोरात आलं की अण्णा पंखा पाचावर न्यायचे.

एकदा मी धीर करून म्हटलं, "अण्णा, मग ह्यात ओरिजनल काय राहिलं?"

ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "आवाज."

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण ऑर्केस्ट्राचे जुने मालक वारले आणि त्यांचा मुलगा गादीवर आला. हे धाकटे मालक वाईट नव्हते. त्यांनी नवीन साउंड सिस्टिम आणली, कॉम्प्युटरसारखा मिक्सर आणला. जुन्या भोंग्यांमध्ये अण्णांचं घुमणं झाकून जायचं, ते या नव्या सिस्टिममध्ये शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू यायला लागलं. एका लग्नात वरबापानं जनरेटर बंद करायला माणूस पाठवला. जनरेटर चालूच नव्हता, तो अण्णांचा बेस होता.

धाकट्या मालकांनी स्पष्ट सांगितलं, "अण्णा, एक तर नवीन गिटार घ्या, न्हाईतर कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस वाजवंल. आजकाल सगळीकडं तसंच चाललंय."

अण्णा म्हणाले, "कारखान्यातली नवी हातात धरण्यापेक्षा मी घरी बसंन."

मला हे ऐकवेना. मी तेव्हा इन्शुरन्सच्या ऑफिसात चिकटलो होतो, हातात चार पैसे होते. बेंगळूरला गेलो आणि त्याच कंपनीची, त्याच जातीची, जुन्या नमुन्यावर नव्यानं काढलेली बेस घेऊन आलो. रंगसुद्धा तोच, मध्ये पिवळा आणि कडेला तपकिरी. म्हटलं, म्हातारा दिसण्यावर तरी भुलेल. अण्णांनी ती हातात घेतलीच नाही. लांबूनच वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाले, "देखणी हाय. पर मुकी हाय. डोळं बांधून ठेव माझं आनि दोन्ही वाजीव. दहादा वाजीव. दहादा सांगतो कुठली ती."

हे बोलले ते नेमकं धाकट्या मालकांसमोर. मालकांनी शब्द धरला. ठरलं असं, की दहापैकी आठ वेळा अण्णांनी आपली गिटार बरोबर ओळखली तर ती स्टेजवर राहील आणि मालक पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत. नाही ओळखली तर अण्णांनी नवी वाजवायची, आणि ती वाजवायची नसेल तर घरी बसायचं. अण्णा हसत हसत हो म्हणाले. त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

परीक्षा सोमवारी, मागांना सुट्टी असते त्या दिवशी. रविवारी सकाळी अण्णांची बायको, जिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो, वडगावहून चालत आमच्या कंग्राळीच्या घरी आली. आक्का कधी कोणाच्या घरी जाणारी बाई नव्हती. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "वाजीवणार तू हाईस न्हवं? मग त्येला हरीव."

मी पुढे केलेला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"गेल्या शिमग्याला लई जोरात झटका बसला. कुनाला बोलला न्हाय त्यो. हात दोन दिवस वर जात नव्हता, मी जेवण भरीवलं. ती वायर एक दिवस त्येला घिऊन जाणार. घरी बसला तर बसू दे, रागवंल, बोलणार न्हाय माझ्यासंगं. पर जिता तर ऱ्हाईल."

"आक्का, पण अण्णा घरी बसून तरी कसे जगतील?"

"ते मी बघतो," आक्का म्हणाली. आमच्याकडे बायका 'बघतो', 'करतो' असंच बोलतात. पण हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

नवी गिटार जुन्यासारखी वाजवणं मला अवघड नव्हतं. हाताचा तळवा तारांवर टेकवला, बटण थोडं खाली केलं की झालं. आणि ज्यानं मला फुकट शिकवलं त्यालाच मी त्याच्या विद्येनं फसवायचं. न फसवावं तर आक्काचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. सोमवारी शेडमध्ये पोचलो तरी माझं काही ठरलं नव्हतं.

शेडमध्ये अण्णांनी स्वतःच्याच मागावरची एक साडी दोन खांबांना आडवी बांधून पडदा केला होता. साडीच्या अलीकडे मी, दोन गिटारी आणि धाकटे मालक. पलीकडे खुर्चीवर अण्णा, शेजारी गोकाकचा ड्रमवाला, जो आता अण्णांइतकाच म्हातारा झाला होता. घुमण्यावरून ओळखू येऊ नये म्हणून मालकांनी शेजारच्या शेडमधले माग सुट्टी असूनही मुद्दाम चालू ठेवायला सांगितले होते. अंगठ्याला तार मी दोन्ही गिटारींच्या वेळी बांधायची, असंही ठरलं होतं. ती बांधून तिथे उभा राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अण्णा चाळीस वर्षं किती भीत भीत उभे राहिले असतील.

मालक बोटानं दाखवायचे, कुठली घ्यायची. पहिल्यांदा नवी दाखवली. मी ठरवलं, फसवायचं नाही. सरळ वाजवली, खणखणीत.

पलीकडून अण्णांचा आवाज आला, "ही माझी."

मालकांनी कागदावर फुली मारली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला वाटलं, अण्णा थट्टा करतायत. दुसऱ्यांदा जुनी. तिचा तो बसका, मोटारीचा आवाज आंधळ्यालाही कळावा.

"ही बेंगळूरची. कशी दबलीया बघ."

तिसऱ्यांदा पुन्हा जुनी. "बेंगळूरची." चौथ्यांदा नवी. "माझी. व्हय, माझी."

चार झाल्या, चारही चुकल्या. आक्काला हवं होतं ते आपोआप होत होतं, आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. पाचव्यांदा जुनी आली तेव्हा मी मुद्दाम ती सातव्या पट्टीपाशी वाजवली, जिथे ती हमखास खरखरायची आणि अण्णा त्या खरखरीला 'दाणा' म्हणायचे. वर दोनदा पायही आपटला.

"पाय आपटू नको रं, नीट वाजीव," पलीकडून अण्णा ओरडले. "बेंगळूरची हाय ही. तरीच खरखरतीया."

दहा झाल्या. दहापैकी दहा चुकल्या. मालकांनी साडी बाजूला केली आणि कागद अण्णांसमोर धरला. अण्णांनी तो लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. ड्रमवाला दुसरीकडे बघायला लागला. शेजारचे माग तेवढे खडखडत होते.

आक्का चहा घेऊन आली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. "किती वळाकल्या?" तिनं विचारलं.

"एकपण न्हाय," मालक म्हणाले. "अण्णांचं कान गेलं आता, आक्का. वय झालं."

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. जी बाई चालत माझ्या घरी येऊन त्याला हरव म्हणाली होती, तिनं चहाचा ट्रे मागावर आदळला आणि मालकांच्या अंगावर गेली. "कान गेलं म्हंता व्हय? चार माग चालू असताना कुठल्या मागाचा कुठला धागा तुटला त्ये हितनं सांगतोय त्यो! कान गेलं म्हणं! ह्यो तुमचाच काय तरी घोटाळा हाय. परत घ्या. माझ्यासमोर घ्या!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"गप गं," अण्णा म्हणाले. ते अजून कागदाकडेच बघत होते. "कान गेला असता तर पाचएक तरी बरोबर आल्या असत्या. अंदाजानं बी येत्यात. दहाच्या दहा चुकायला कान लागतोय."

हे कोणाला चटकन कळलं नाही. मला कळायलाही दोन क्षण गेले. अण्णांना दोन्हींतला फरक दहाही वेळा अचूक ऐकू आला होता. फक्त कुठला आवाज आपला, हे त्यांच्या डोक्यात जे बसलं होतं ते एकविसाव्या वर्षी बसलं होतं. धड बदललं, मान बदलली, कॉइल विहिरीच्या मोटारीची झाली, आणि म्हातारा रोज ती वाजवत होता, पण ऐकत होता तो पहिल्या दिवसाचा आवाज.

अण्णा उठले. कोणाशी न बोलता माझ्या गळ्यातून नवी गिटार काढून घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला हात लावला. खाली बसून त्यांनी एक साधी चाल वाजवली, लग्नात वरात दारात येते तेव्हा वाजवायचे ती. पुन्हा वाजवली. त्यांची मान हळूहळू हलायला लागली.

"अशीच वाजायची," ते म्हणाले. "डिट्टो अशीच. मी तवा एकवीस वर्साचा हुतो. हिला बघायला गेलतो त्या म्हैन्यात."

आक्का पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मला काय ठाऊक, मी काय ऐकली हुती?"

"मग आत्ता ऐक की."

आणि त्यांनी तिच्यासाठी पुन्हा वाजवली. आम्ही तिघं तिथे उभे असून नसल्यासारखे झालो. मला आजवर त्या दोघांचा इतका हेवा कधी वाटला नव्हता.

मालक शहाणे. त्यांनी विषय संपवायला घेतला. "मग ठरलं अण्णा, येळ्ळूरला नवी वाजवायची."

"नवी कुठली?" अण्णा चमकून म्हणाले. "ही माझी हाय. दहादा सांगितलं की तुमाला. नवी त्यो घिऊन जाईल." आणि त्यांनी ती फणसाची, मोटारीची, पंख्याच्या बटणाची गिटार उचलून माझ्या हातात दिली. "तुझी तू संभाळ. लई काय वाईट न्हाय. वाजीवशील तशी सुधरंल."

मी तिच्यासाठी बेंगळूरपर्यंत गेलो नव्हतो, पण नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

येळ्ळूरच्या कार्यक्रमाला मी मुद्दाम प्रेक्षकांत बसलो. स्टेज झगझगीत होतं, अण्णा नेहमीसारखे ड्रमच्या शेजारी मागे, पण आज दोन्ही पायांत चपला, अंगठ्याला तार नाही. गर्दीत पुढच्या रांगेत आक्का होती, ती ऑर्केस्ट्रा ऐकायला पहिल्यांदाच आली होती. गाणी सुरू झाली. बेस इतका स्वच्छ येत होता की छातीत हलल्यासारखं वाटत होतं. मध्यंतराच्या आधी धाकट्या मालकांनी माइक घेतला आणि एकेका कलाकाराची ओळख करून द्यायला सुरुवात केली. अण्णांपाशी आले आणि उत्साहात म्हणाले, "आणि हे आमचे सगळ्यात ज्येष्ठ कलाकार! चाळीस वर्षं जुनी गिटार वाजवली, आज पहिल्यांदाच नवी कोरी गिटार घेऊन तुमच्यासमोर आलेत!"

टाळ्या पडल्या. अण्णा एकदम पुढे आले. चाळीस वर्षांत ते ठोके मोजण्यापलीकडे माइकवर एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी मालकांच्या हातातून माइक घेतला, जरा खाकरले आणि म्हणाले,

"नवी न्हाय ही. माझीच हाय. दुरुस्तीला दिलती, आत्ता गावली परत."

लोक हसले. शेजारचा माणूसही हसला आणि मला कोपरानं ढोसून म्हणाला, "म्हातारा भारी हाय." मी हसायचा प्रयत्न केला, पण मला काही ते जमलं नाही.